नजरेच्या तक्रारी : चष्मा बदलण्याआधी रक्त तपासा

प्रश्न : वय ५२, यंत्रमाग चालवतो. सहा महिन्यांत चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. तुटलेला धागा एखाद्या दिवशी स्पष्ट दिसतो, एखाद्या दिवशी सापडत नाही. मोतीबिंदू असेल का? (वडगाव, बेळगाव)

असूही शकेल. पण नंबर असा मागेपुढे होतो तेव्हा माझा पहिला संशय साखरेवर जातो. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातलं भिंग पाणी धरून फुगतं आणि नंबर सरकतो. साखर उतरली की पुन्हा बदलतो. आधी उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तपासा. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह समजून डॉक्टरांना गाठा. साखर काही आठवडे स्थिर राहिली की मगच नवा चष्मा.

मधुमेह निघालाच, तर थेंब घालून डोळ्याचा पडदा लगेच तपासून घ्या आणि पुढे दरवर्षी. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात तेव्हा नजर अगदी चांगली असते, म्हणूनच माणसं गाफील राहतात. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, तेव्हा गाडी स्वतः चालवू नका, त्या दिवशी मागावरही बसू नका.

प्रश्न : अप्पा ६४ वर्षांचे, विडी ओढतात. परवा उजव्या डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखं झालं, पाच मिनिटांत पूर्ववत. आता दवाखान्यात यायला तयार नाहीत. (निपाणी)

हे तुम्हाला फोनवर कळवलंच आहे, इतरांसाठी लिहितो. बरं वाटतंय म्हणून थांबू नका. बऱ्याचदा मानेतल्या रक्तवाहिनीतून सुटलेली बारीक गुठळी डोळ्याच्या धमनीत अडकते आणि पुढे सरकते. पुढची गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात, आणि हा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. चष्म्याच्या दुकानात नव्हे, मेंदूच्या स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. मानेची डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी), ईसीजी, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघतील. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात लुळा पडला तर थेट १०८. विडी आजपासून बंद.

प्रश्न : वय ३८. पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळसर चट्टे आलेत. (खानापूर)

लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी) करा. असे चट्टे असलेल्या निम्म्या लोकांत कोलेस्टेरॉल ठीक निघतं, पण तुमच्या वयात तपासायलाच हवं. मलमाने ते जात नाहीत.

प्रश्न : वर्षाच्या नातीच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकते. (येळ्ळूर)

कधी कधी तो फ्लॅशच्या कोनाचा परिणाम असतो. पण जन्मजात मोतीबिंदू किंवा पडद्यावरची कर्करोगाची गाठही अशीच दिसते. ती लवकर सापडली तर जीव वाचतो, अनेकदा डोळाही. या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. फोटो पुसू नका, त्यांना दाखवा.