स्मृती गेलेला माणूस दुसऱ्याच्या नावानं आयुष्य काढू शकतो का?

काढू शकतो. मी ३९ वर्षं काढतेय, आणि माझ्या डोक्याला कधी साधा मारही लागलेला नाही.

तुम्ही ‘न त रतूर्न पा’, म्हणजे ‘मागं वळून पाहू नकोस’, बघून हा प्रश्न विचारलाय. शेवट काहीच्या काही वाटला म्हणताय. मारिना द व्हाँचा २००९ चा हा सिनेमा माझ्या मुलीनं फ्रेंच शिकत असताना डीव्हीडीवर आणला होता. थ्रिलर म्हणून तो फसलाय, यात माझं तुमच्याशी भांडण नाही. गोष्ट इटलीत शिरली की धागा सुटतो. पण सुरुवातीचा तो स्वयंपाकघरातला प्रसंग आठवा. सिनेमाची नायिका जान घरात येते आणि तिला टेबल हललेलं दिसतं. ती विचारते, हे कुणी हलवलं? घरचे म्हणतात, कुणी नाही, ते कायम असंच आहे. कुणी ओरडत नाही, मारत नाही. उलट काळजीनंच बघतात तिच्याकडं. तिथं मी सिनेमा थांबवला आणि पाणी पिऊन आले.

कारण हे वाक्य मी ऐकलेलं आहे. १९८६ साली लग्न होऊन घरात आले. ताटात तांदूळ पसरले होते. ह्यांनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं, चार अक्षरी. माझं माहेरचं नाव दोन अक्षरी. (दोन्ही इथं लिहीत नाही, सासरची अर्धी मंडळी हे वाचतात.) पेढे वाटले, सगळ्यांनी नव्या नावानं हाक मारली, मी हसून ओ दिली. महिन्याभरानं वडिलांचं पत्र आलं, जुन्या नावाचं. सासूबाईंनी ते पोस्टमनला परत द्यायला काढलं. या नावाचं इथं कुणी राहत नाही, म्हणाल्या. मी मागं उभी होते. त्या मुद्दाम म्हणाल्या असं मला आजही वाटत नाही. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.

पुढं २००४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. भूल उतरायच्या वेळी नर्स हाका मारत होती, चार अक्षरी नावानं. डोळे उघडा, डोळे उघडा. मी ढिम्म. बराच वेळ झाला तसे डॉक्टर आले, गालावर थापट्या मारल्या, मग ह्यांना आत बोलावलं. ह्यांनीही तेच नाव घेतलं. काही नाही. तेवढ्यात माझी धाकटी बहीण डबा घेऊन पोचली, आणि दारातूनच तिनं दोन अक्षरी हाक मारली. मी डोळे उघडून म्हणे विचारलं, ‘आमटी आणलीस का?’ मला यातलं काही आठवत नाही, ह्यांना मात्र सगळं आठवतं. घरी येताना रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत. रात्री म्हणाले, ‘१८ वर्षं झाली ना गं.’

तर आता तुमचा मुद्दा. डोक्याला मार लागून विसरणारा माणूस सहसा स्वतःचं नाव विसरत नाही. अपघाताच्या आसपासचं जातं, नवीन काही टिकत नाही. नावगाव सगळंच पुसलं जातं ते बहुतेक वेळा मनाला बसलेल्या धक्क्यानं. आणि जानला दिसतात तशी घरची माणसं बदलल्यासारखी दिसणं हे काही सिनेमावाल्यांचं खूळ नाही, त्याला एका फ्रेंच डॉक्टरचंच नाव आहे. जोसेफ काप्ग्रानं १९२३ मध्ये एका बाईची हकिगत लिहिली. नवरा आणि मुलं पळवून त्यांच्या जागी हुबेहूब तोतये आणून बसवलेत, अशी तिची खात्री होती.

तोतया म्हटलं की आपल्याला पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. पण तो स्वतः सांगत होता, मी भाऊ. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धात याच्या बरोबर उलटं झालं. १ फेब्रुवारी १९१८ ला ल्यों शहरातल्या स्टेशनावर युद्धकैदेतून परतलेला एक सैनिक सापडला. त्याला स्वतःचं काही सांगता येईना. कसंबसं तोंडातून आलं त्यावरून ‘आंतेल्म मांजाँ’ असं नाव कागदावर पडलं, तेही चुकीचंच. वर्तमानपत्रांत फोटो छापून आल्यावर डझनावारी घरं पुढं आली, हा आमचाच म्हणून. तो गप्प. पुष्कळ वर्षांनी त्याला एका गावच्या स्टेशनावर नेऊन सोडलं, तर न विचारता चालत आपल्या बापाच्या घरापाशी गेला. डोक्यात काही उरलं नव्हतं, पायांत होतं. १९४२ मध्ये मनोरुग्णालयातच मेला बिचारा.

तेव्हा सिनेमाचा शेवट (बघितला नसेल त्यांनी पुढचं वाक्य सोडा) मला तरी अशक्य वाटत नाही. अपघातात खरी जान जाते, वाचलेली इटालियन मुलगी रोझा मारिया त्याच घरात जान म्हणून वाढते. आठ वर्षांची पोर, सगळे प्रेमानं एकाच नावानं हाक मारतायत, ती ओ देणारच. जान झालेल्या सोफी मार्सोच्या चेहऱ्यातून दुसरी नटी, मोनिका बेलुची, उगवते ते तुम्हाला मेकअपची करामत वाटलं असेल. मला तो रिक्षातला प्रवास वाटला.

माझ्या वन्सं म्हणतात, भुलीत माणूस काहीही करतं, आणि नावात एवढं काय असतं. याच वन्सं स्वतःच्या नातवाच्या दाखल्यावर एक वेलांटी चुकली म्हणून तीनदा कचेरीत जाऊन आल्या. तुमच्या घरात लग्न ठरत असेल तर ते तांदळाचं ताट मांडूच नका, किंवा मांडलंच तर मुलीचं आहे तेच नाव लिहा.

एक कबूल करते. माझ्या भुलीवरून शास्त्र काढू नका, कदाचित बहिणीचा आवाजच चढा होता. आणि हेही खरं की ह्यांनी ते नाव सहा महिने वह्यांत लिहून, खोडून, हौसेनं निवडलं होतं. जानच्या आईनंही वाईट हेतूनं काही केलं नव्हतंच.

मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भरती होताना फॉर्म ह्यांनीच भरला. आधार कार्डावरचं चार अक्षरी नाव लिहिलं, मग चष्मा काढून थोडा वेळ बसले, आणि कंसात दोन अक्षरं लिहिली. ती दीर्घ लिहायची, ह्यांनी ऱ्हस्व लिहिली. मी दुरुस्त केली नाही.