दोन हिरव्या रंगांचा पाइप

प्रिय पोरी,

परवा तू गेलीस आणि तुझी पिशवी सोफ्याच्या कोपऱ्यात राहिली. कोंबडी, मुखवटा वगैरे तू दाखवलं होतंसच. वही मात्र मी तुझ्या माघारी वाचली. सगळी. रागवायचं असेल तर रविवारी येऊन रागव. समोर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता आणि तुझ्या काकूने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं असतं, म्हणून लिहितोय.

तू विचारलंस, "काका, मी नक्की कोण? गेम खेळणारी, वस्तू बनवणारी, की गेमबद्दल लिहिणारी?" मैत्रिणी म्हणतात पेज काढ, कीचेन वीक, कॉमिक कॉनला, त्या कॉमिक्स-गेमवाल्यांच्या जत्रेत, टेबल लाव. छंद असावा की नसावा यावर मी एक शब्द खर्च करणार नाही, ते आपलं कधीच ठरलंय. पण पिशवीतून काय निघालं ते ऐक. लोकरीची कोंबडी, पंख एकच. पुठ्ठ्याचा मुखवटा, डावं शिंग आहे, उजव्याचा पत्ता नाही. मारिओतल्या प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याचा दिवा, चारपैकी तीन बाजू. वहीत सतरा गेम, आणि एकाचाही शेवट तू पाहिलेला नाहीस. सतरापैकी शून्य! आणि मला विचारतेस मी कोण?

आधी पुरं कर. मग विचार.

आमच्या बेडरूमच्या दारावर ते जे तीन फुटी भरतकाम टांगलंय, ते तू इतकी वर्षं बघतेयस. मारिओच्या पहिल्या लेव्हलचे पहिले दोन स्क्रीन. उजव्या टोकाला पाइप आहे. परवा तू त्याच्याजवळ गेलीस आणि म्हणालीस, "काका, याचा हिरवा मध्येच बदललाय का?" मी विषय बदलला. आज सांगतो.

१९९४ साली मी नववीत होतो. गिरगावातली चाळ, दोन खोल्या, सात माणसं. दादाने पहिल्या पगारातून लॅमिंग्टन रोडवरून व्हिडिओ गेम आणला. जपानी यंत्राची नक्कल, सोबत एक पिवळी कॅसेट आणि तिच्यावर हजारो गेमचा आकडा. खरे गेम निघाले मोजके, तेच ते पुन्हा वेगळ्या नावाने. पण त्यात मारिओ होता आणि आम्हाला तेवढं बस झालं. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, अ‍ॅडॉप्टर तापला की आई ओरडायची. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट.

त्याच खोलीत आत्या खिडकीशी बसून क्रॉस स्टिच करायची. राजहंसाची जोडी, 'सुस्वागतम', गुलाबाची परडी. मी एकदा तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि मला दिसलं की हे तर आमच्या टीव्हीसारखंच आहे. चौकोन, त्यात एकेक फुली. मी म्हटलं, मारिओ करता येईल? ती म्हणाली, "घरं मोजता येत असतील तर देवही करता येतो."

मग मी स्टार्टचं बटण दाबून चित्र थांबवायचो, काचेवर बटर पेपर धरायचो (काचेच्या करंटने तो आपोआप चिकटायचा) आणि पेन्सिलीने घरं आखायचो. विटेचा एक ठोकळा सोळा बाय सोळा, म्हणजे २५६ टाके. आत्याने तिथेच शहाणपणाचं सांगितलं: आकाश भरत बसू नकोस, आकाशी मॅटीच आण. मंगलदास मार्केटातून आणली. इंचाला चौदा घरं.

आखताना एक गंमत सापडली. ढग आणि झुडूप एकच! तोच आकार, ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. अख्खा गेम चाळीस किलोबाइटमध्ये बसवायचा म्हटल्यावर असा पै-पैचा संसार करावाच लागतो. आज हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या टीव्हीला रंगच नव्हते, त्यामुळे आकार नजरेत भरला, आणि बोट ठेवून दोन्ही मोजल्याशिवाय खात्री झाली नसती. तुझ्या सतरा नोंदींत असं तुझं एकटीचं सापडलेलं किती आहे? मी दोन मोजली. दोन्ही चांगली आहेत, म्हणून तर चिडलोय.

तर ते काम मी डावीकडून भरत पाइपपर्यंत आणलं. पाइप अर्धा झाला आणि बारावी आली. १९९७. रिंगसकट कापड गुंडाळून ट्रंकेत गेलं. परीक्षेनंतर काढू. मग कॉलेज, मग नोकरी, मग चाळ सुटली आणि आम्ही बोरिवलीला आलो. आत्या दर दिवाळीला विचारायची, "तुझा तो मिशीवाला कुठवर आला?" मी म्हणायचो, पाइपपर्यंत. बारा दिवाळ्या तेच उत्तर दिलं. तेराव्या दिवाळीला विचारायला ती नव्हती.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये ट्रंक उघडली. हिरव्याची जुनी लडी संपलेली, तिच्यावरच्या कागदाचा नंबर पुसलेला. नाक्यावरचं दुकान उघडल्यावर जवळात जवळचा हिरवा आणला आणि उरलेला पाइप अकरा दिवसांत भरला. अकरा दिवस! तेवीस वर्षं ट्रंकेत पडलेलं काम अकरा दिवसांचं होतं. अर्धा पाइप एका हिरव्याचा, अर्धा दुसऱ्या. तुला दिसला तो हाच सांधा. लोक म्हणतात उसवून पुन्हा भर. भरणार नाही.

आता म्हणशील, काकांचं दुःख काकांपाशी, माझा काय संबंध? संबंध आहे. 'हॉलो नाइट' या गेमवर तू वहीत लिहिलंयस: "दोन तास खेळले. नकाशाच देत नाहीत, मूर्खपणा आहे. वातावरण छान." वातावरण छान! तो नकाशावाला तिथेच असतो गं. आधी जमिनीवर त्याचे कागद पडलेले दिसतात, मग त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, त्या आवाजाच्या मागे जायचं असतं. नकाशा मिळाला तरी लेखणी विकत घेऊन बाकावर बसल्याशिवाय त्यात नवं काही उमटत नाही. आधी हरवायचं, मग आठवायचं, मग कागदावर यायचं, असा तो सगळा बेत आहे. पुढे हिरव्या जंगलात हॉर्नेट नावाच्या शत्रूशी लढाई होते, ती जिंकलीस की झेप घ्यायचा अंगरखा मिळतो, आणि मागे जिथे जिथे अडलीस तिथली वाट एकदम तुझी होते. तू त्याच्या अलीकडे थांबलीस आणि निकाल देऊन मोकळी झालीस. थाळी आल्या आल्या कोशिंबीर चाखून खानावळीला नावं ठेवणाऱ्यातली तू नाहीस. निदान मला तसं वाटत होतं.

आणि त्याच गेमचा मुखवटा करायला घेतलास! ज्याला दोन तासांत टाकलंस त्याचं शिंग कापायला हात कसा वळेल? उजवं शिंग का अडलंय हे तुला ठाऊक नसेल, मला आहे.

मारिओमध्ये वॉर्प असतो, मधली जगं गाळून पुढे नेणारी चोरवाट. तू घेतेस, मी बघितलंय. पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलला छतावरून पळत जायचं की थेट चौथं जग, तिथल्या दुसऱ्या लेव्हलला लपलेली वेल चढायची की आठवं. आम्ही चाळीतली सगळी पोरं तेच करायचो आणि आठव्यात पोचलो म्हणून कॉलर ताठ. पण मधली जगं टाळली की पाण्यातल्या लेव्हली टळतात. २-२ (दुसऱ्या जगाची दुसरी) नाही, ७-२ नाही. पोहायला शिकायचं राहतं. आणि शेवटच्या किल्ल्यात, ८-४ मध्ये, पाइपांच्या चक्रव्यूहात मध्येच पाणी लागतं. तिथे ते पांढरे स्क्विड आम्हाला एकेक करून संपवायचे. आम्ही म्हणायचो गेम अवघड आहे. गेम अवघड नव्हता, आम्ही २-२ खेळलो नव्हतो.

तू वाद घालणार, मला माहीत आहे. परवाच घातलास: "काका, 'स्टारड्यू व्हॅली'ला शेवटच नाहीये, मग पुरं काय करायचं?" शेतीचाच गेम तो, पण शेवट आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येतो आणि तुझ्या शेताचा हिशेब करतो. मेणबत्त्या पेटतात, जास्तीत जास्त चार. तू पहिल्या वर्षीच्या शरदात शेत सोडून आलीस. म्हातारा दोन वर्षं वाट बघतोय, निदान त्याला भेटून तरी ये. आणि ज्या माणसाने तो गेम केला त्याने चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं एकट्याने चार वर्षांहून जास्त खपून केलं, तेव्हा कुठे २०१६ मध्ये तो आला. तुझ्याकडून त्याच्या कोंबडीचा दुसरा पंख होईना.

बरं, ज्याला खरंच शेवट ठेवलेला नाही त्यालाही हट्टी माणसं शेवट गाठून देतात. १९८० च्या 'पॅक-मॅन'मध्ये लेव्हल मोजायला एकच बाइट होता, त्यात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. २५६ व्या लेव्हलला हिशेब फिसकटतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरतो, आणि पुरे ठिपकेच नसल्याने पुढे जाता येत नाही. निन्टेन्डोचा १९८९ चा 'टेट्रिस' तर कुणा माणसाने संपवला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन पोराने तो इतका पुढे नेला की गेमच गोठला. आपल्याला त्याच्याइतकं जायचं नाहीये. पण पुरं करायचं म्हणजे काय ते त्या पोराला विचार.

तुझी काकू हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि म्हणतेय, सासऱ्यांच्या साठीशांतीला तू दीड तास उशिरा का आलास तेही लिही. लिहितो. शेवटचा शत्रू अर्ध्यावर आला होता आणि त्या गेममध्ये मध्येच सेव्ह करायची सोय नव्हती. माझं चुकलं असं ती अजून म्हणते. मला तसं वाटत नाही. म्हणजे उशीर चुकला, मान्य. पण अर्ध्यावरून उठलो असतो तर होमाशी बसून माझं लक्ष कुठे असतं? शरीर तिथे आणि अंगठा घरी. एक अगदी भिकार गेम मी तीन महिने खेळून संपवला, तेव्हाही तिने कपाळाला हात लावला होता. तो भिकार आहे हे मी आज छातीठोकपणे सांगू शकतो, कारण मी तो संपवलाय.

आणि हो, मी आळशी नव्हतो. ट्रंक तेवीस वर्षं बंद राहिली त्याला कारणं होती. वडील गेले, घराचे हप्ते होते, सकाळच्या लोकलला उभं राहायला जागा मिळत नव्हती तिथे सुई कुठे धरणार? कारणं खरी होती. अकरा दिवसांचा आकडा कळल्यापासून मात्र ती मला स्वतःलाच ऐकवत नाहीत.

असो. मुखवट्याचं बोलू. तुझं डावं शिंग फार सुंदर वळलंय, मला ते कधी जमलं नसतं. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या कुठल्या दिशेने जातात ते बघून तू कापलंयस, वरचा एक थर सोलून मग वाकवलंयस, हे कोणी शिकवलं? उजवं करताना डाव्याचाच कागदी साचा उलटा ठेव, नजरेने कापू नकोस. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे दोन थर दे, पहिला थर कडक वाळल्याशिवाय दुसरा नाही. वर प्रायमर, मग रंग, मग वॉर्निश. हे सगळं मेअखेर. कारण आपण मुंबईत राहतो. जून लागला की उघडा पुठ्ठा दमट होतो, मऊ पडतो, आणि गणपतीपर्यंत त्याला बुरशी येते. वॉर्निश लागलेली वस्तू पावसाळा काढते, अर्धवट पुठ्ठा काढत नाही. माझं कापड ट्रंकेत तेवीस वर्षं टिकलं, डांबराच्या गोळ्यांची कृपा. तुझ्या मुखवट्याला तेवढी सवलत नाही.

कीचेन विकायच्या का, हा प्रश्न एक कोंबडी दोन पंखांची झाल्यावर घे. आज घेऊच नकोस. पेजचं नाव काय ठेवू, असंही वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंयस, सात नावं आहेत. नावं पुरी आहेत, बाकी सगळं अर्धं! हसू नकोस. मी हसलो, पण तू हसू नकोस.

रविवारी चारला ये. पिशवी माझ्याकडेच आहे, देणार नाही, इथे बसूनच पंख कर. क्रोशाची सुई पिशवीत नव्हती, ती घेऊन ये. पिवळी लोकर काकूकडे आहे, पण तुझ्याशी जुळते का ते उजेडात धरून बघ, नंबर बघ, आणि लागेल त्यापेक्षा एक गुंडा जास्त घे. पंख झाला की मशीन लावू. वॉर्प न घेता, १-१ पासून. २-२ ला पाणी लागेल तेव्हा कंट्रोलर माझ्या हातात द्यायचा नाही.

तुझा,
काका