'माझ्याकडे लॅबचा चार्ज होता' हे इंग्रजीत लिहिण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न वाचून जुनी जखम उघडी झाली, म्हणून लांबलचक लिहितोय. शहाद्याच्या लॅबमध्ये दोन वर्षं काम केलं, आता पुण्यात अर्ज करताय आणि अर्जात 'आय वॉज चार्ज्ड फॉर द लॅब फॉर टू इयर्स' असं लिहिलंत. मैत्रीण हसली, म्हणून तुम्ही 'चार्ज'चे सगळे अर्थ वाक्यांसकट मागितलेत. मैत्रीण हसली ते बरंच झालं. माझ्या पत्रावर कोणी हसलं नाही, थेट चौकशी लावली.

आधीच सांगून ठेवतो, मी इंग्रजीचा मास्तर नाही. गोडाऊन, स्टॉक बुक आणि आवक-जावक यातच माझी नोकरी गेली. व्याकरणात कुठे घसरलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

तुमच्या वाक्याचा इंग्रजी वाचणाऱ्याला लागणारा अर्थ असा: लॅबच्या नावाने दोन वर्षं माझ्याकडून पैसे घेतले गेले. 'चार्ज' आणि 'फॉर' शेजारी आले की तिथे बिल असतं. आपल्या डोक्यात 'लॅबसाठी मला नेमलं होतं' असं असतं, 'साठी' आला की हात आपोआप 'फॉर'कडे जातो. यात तुमच्या एकटीचं काही विशेष नाही, अर्ध्या खान्देशाचे अर्ज असेच असतात.

आता सगळे अर्थ. खरं सांगू? यादी पाठ करू नका. 'रोज एक शब्द' पाठवणारे ग्रुप आहेत ना, त्यात एका शब्दाचे बारा अर्थ येतात, सकाळी वाचायचे आणि दुपारी विसरायचे. त्यापेक्षा मूळ धरा. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधली चाकांची गाडी आहे. गाडीवर माल लादणं, हा पहिला अर्थ. सावद्याला केळीचा ट्रक भरताना पाहिला असेल तर तेच डोळ्यांसमोर आणा. कशावर तरी काहीतरी लादलं गेलंय. काम लादलं की कार्यभार, पैसे लादले की आकार, गुन्हा लादला की आरोप, जमिनीवर कर्ज लादलं की बोजा आणि वायरमधल्या विजेच्या बाबतीत विद्युतभार. आपल्या जुन्या मंडळींनी प्रतिशब्द करताना 'भार' बऱ्याच ठिकाणी जपलाय. प्रभारी मुख्याध्यापकातला 'प्रभार' तोच.

लादलं काय आणि कोणावर, हे इंग्रजीत शेजारचा छोटा शब्द सांगतो. सगळी मेख तिथे आहे.

पैशाचं सोपं आहे. घरातलं महावितरणचं बिल काढा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी दिसतील. इंग्रजीत तेच फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज, व्हीलिंग चार्ज. जळगावच्या सराफाकडे घडणावळ म्हणतो ते मेकिंग चार्जेस. वाक्य करायचं तर 'द ज्वेलर चार्ज्ड मी एट हंड्रेड रुपीज फॉर द रिपेअर.' इथे 'टू मी' लावू नका, 'माझ्याकडून' आहे म्हणून काही लावावंसं वाटतं, पण लागत नाही. 'टू' लागतो तो खात्याला: 'चार्ज इट टू माय अकाउंट', माझ्या खात्यावर टाका. फुकट असेल तर 'फ्री ऑफ चार्ज'. कापसात असाल तर 'रिव्हर्स चार्ज' ऐकला असेल. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की त्यावरचा जीएसटी विकणाऱ्याने नाही, नोंदणी असलेल्या घेणाऱ्याने भरायचा, २०१७च्या नोव्हेंबरपासून. जिनिंगवाल्यांना विचारा, ते यावर तुमच्यापेक्षा लांब बोलतील. भार उलट्या बाजूला गेला, म्हणून रिव्हर्स.

जमिनीचा 'चार्ज' म्हणजे सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा. विकासोचं, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचं, कर्ज घेताना इकरार करून देतो ना, त्यातून तो चढतो. कायद्याच्या पुस्तकात १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं शंभरावं कलम 'चार्ज'वरच आहे. गहाण वेगळं, त्याचं कलम वेगळं. वाक्यात इथे 'ऑन' येतो: 'द सोसायटी हॅज अ चार्ज ऑन द लँड.' तुम्हाला लॅबच्या अर्जात हे लागणार नाही, पण वडिलांची कागदपत्रं इंग्रजीत भरायची वेळ आली तर आठवेल.

मोबाइल चार्ज करणं, लाठीचार्ज, फुटबॉलमध्ये अंगावर धावून जाणं, हे सोडून देतो. ते सगळ्यांना येतं.

आता माझं. एका सहकारी संस्थेत (नाव घेत नाही, तिथले काही जण अजून भेटले की चहा पाजतात) माझ्याकडे स्टोअर आणि रोख विभाग होता. सोडताना रीतसर चार्ज यादी केली. पोती, बारदान, तराजू, वजनं, पावती पुस्तकं, कपाटाच्या किल्ल्या, सगळं मोजून दिलं आणि घेणाऱ्याची सही घेतली. चाकणला एका कंपनीच्या गोदामात जागा पक्की झाली होती, त्यांना इंग्रजीतून अनुभवाचा दाखला हवा होता. संस्थेने दिला. त्यात दोन वाक्यं होती, मला आजही तोंडपाठ आहेत:

'ही वॉज चार्ज्ड विथ स्टोअर अँड कॅश. ऑल चार्जेस आर क्लिअर्ड.'

लिहिणाऱ्याच्या मनात होतं, याच्याकडे स्टोअर आणि कॅशचा चार्ज होता, सगळा चार्ज देऊन झाला, काही बाकी नाही. आपल्या बाजूच्या कोणत्याही ऑफिसात हे वाचून कोणी मान वर करणार नाही. पण कागदपत्रं तपासणाऱ्या एजन्सीतल्या मुलीने वाचलं ते असं: याच्यावर स्टोअर आणि रोख रकमेबाबत आरोप होते, सर्व आरोपांतून तो सुटला. तिने फोन करून विचारलं, केस कोणत्या कोर्टात होती आणि निकालाची प्रत आहे का. मी म्हटलं, कसली केस? ती म्हणाली, तुमच्या जुन्या संस्थेनेच लिहून दिलंय. तिचंही चूक म्हणता येत नाही, कारण 'क्लिअर्ड ऑफ ऑल चार्जेस' म्हणजे निर्दोष सुटणं हे इंग्रजीत रोजचं आहे, आणि शेजारी 'कॅश' हा शब्द! शंका यायला आणखी काय हवं?

इथपर्यंत एका कारकुनाची चूक होती, ती मी केव्हाच माफ केली. ज्यात माझी जागा गेली ते पुढचं. मी दुरुस्तीला गेलो तर उत्तर मिळालं, "पत्राला जावक क्रमांक पडलाय, आता बदल होत नाही." सही करणाऱ्या साहेबांना भेटायचं तर त्यांच्याकडे दुसऱ्या शाखेचाही अतिरिक्त चार्ज. म्हणजे इथे विचारलं की ते तिथे गेलेले आणि तिथे गेलं की इकडे निघालेले. मुख्य लिपिक तर माझ्यावरच उखडले. "आपल्याकडे पहिल्यापासून हाच मसुदा आहे. चार्ज दिला म्हणजे चार्जेस क्लिअर, यात चूक काय सांग?" शब्दकोश दाखवला तर म्हणाले, हे पुस्तकी झालं. मग नवा अर्ज द्या, सभेपुढे ठेवू. सभा तहकूब. पुढची सभा निवडणुकीमुळे पुढे.

आणि शेवटी काय दिलं माहितीये? शुद्धिपत्रक. मराठीत. 'सदर पत्रातील चार्ज या शब्दाचा अर्थ कार्यभार असा वाचावा.' इंग्रजी पत्र जसंच्या तसं! चाकणच्या ज्या साहेबांना ते पाठवायचं होतं त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी तोवर त्या जागेवर दुसरा माणूस रुजू झाला होता. पुढे मला काम मिळालं, पण कमी पगारावर आणि घरापासून लांब. तेव्हा 'भाषेची किरकोळ चूक' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

बरं, तुमच्याकडे येतो. 'चार्ज्ड विथ' नेहमीच वाईट नसतं. 'शी वॉज चार्ज्ड विथ ट्रेनिंग द न्यू स्टाफ' हे बरोबर आहे, नव्या लोकांना शिकवायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. 'चार्ज्ड विथ थेफ्ट' म्हणजे चोरीचा आरोप. 'विथ'नंतर काम आलं तर सोपवणं, गुन्हा आला तर आरोप. 'स्टोअर अँड कॅश' यातलं काहीच नाही, नुसत्या वस्तू. मग वाचणारा आपल्या मनाने उरलेलं भरतो, आणि नोकरी देणारा माणूस चांगलं कधी भरत नाही.

तुम्हाला हवंय ते 'इन चार्ज ऑफ'. 'आय वॉज इन चार्ज ऑफ द लॅब फॉर टू इयर्स.' एवढंच. फक्त मध्ये 'द' घुसू देऊ नका. 'इन द चार्ज ऑफ' झालं की सगळं उलटतं, सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. 'द सॅम्पल्स वेअर इन द चार्ज ऑफ द नाइट टेक्निशियन' म्हणजे नमुने रात्रीच्या टेक्निशियनच्या ताब्यात होते. तुम्ही 'आय वॉज इन द चार्ज ऑफ द लॅब' लिहिलंत तर लॅब तुम्हाला सांभाळत होती असं होईल. दारावरच्या पाटीवर 'लॅब इन्चार्ज' असतं ते आपल्याकडे चालतं, सगळ्यांना कळतं, पण अर्जात पूर्ण वाक्य लिहा.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर तो शब्दच टाळा. 'आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर सॅम्पल कलेक्शन अँड रिपोर्टिंग.' काय केलं तेही कळतं आणि दुसरा अर्थ निघत नाही. काही जण म्हणतील, घाबरून शब्द टाळणं म्हणजे इंग्रजी न शिकणं. असेल. नोकरी मिळाल्यावर शिका.

तुमच्या क्षेत्रात आणखी एक सापळा आहे, 'डिस्चार्ज'. पेशंटला डिस्चार्ज ठीक. पण कार्यमुक्त केलं याचं इंग्रजी म्हणून 'शी वॉज डिस्चार्ज्ड फ्रॉम ड्यूटी' लिहिलेले दाखले मी पाहिलेत. वाचणाऱ्याला वाटेल, काढून टाकली. कार्यमुक्तीला 'रिलीव्ह्ड' लिहायचं. मात्र 'शी डिस्चार्ज्ड हर ड्यूटीज सिन्सिअरली' म्हणजे कामं मन लावून पार पाडली, ते कौतुक आहे. एकाच शब्दाने हाकलताही येतं आणि शाबासकीही देता येते. धन्य ती भाषा.

काही कंपन्यांच्या फॉर्ममध्ये तुमच्यावर कधी गुन्ह्याबाबत 'चार्ज' झालाय का असा प्रश्न असतो. पोलिसांत गुन्हा दाखल होणं म्हणजे एफआयआर, तपासानंतर पोलीस कोर्टात देतात ते दोषारोपपत्र म्हणजे चार्जशीट, आणि कोर्ट आरोप निश्चित करतं ती त्याच्याही पुढची पायरी. या तीन वेगळ्या गोष्टी. आपल्याकडे खान्देशात फौजदारी म्हटलं की आधी जेवणातली 'फौजदारी डाळ' आठवते, त्यामुळे बहुतेकांना हा फरक माहीतच नसतो. खरोखर असं काही प्रकरण असेल तर माझ्यासारख्याचं ऐकून फॉर्म भरू नका, वकिलाला दाखवा.

आणि लॅबवाल्यांकडून अनुभवाचा दाखला अजून घेतला नसेल तर मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. "साहेब, तुमचा वेळ वाचावा म्हणून करून आणलाय" म्हटलं की नव्वद टक्के लोक खूश होतात. पण नुसता देऊन येऊ नका. सही झाल्यावर, जावक रजिस्टरला नोंद व्हायच्या आधी, तिथेच टेबलापाशी उभं राहून शब्द न् शब्द वाचा. कारकून घाई करेल, करू द्या. तारखा पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीशी जुळतात का तेही बघा, पीएफ कापला जात असेल तर. 'काहीही येणं बाकी नाही' यासाठी 'चार्जेस क्लिअर' नको, 'देअर आर नो ड्यूज पेंडिंग अगेन्स्ट हर' असं घाला.

मसुदा तयार झाला की इथेच टाका, नाव, लॅबचं नाव आणि मोबाइल नंबर खोडून. मी एकदा नजर टाकेन, बाकीचेही टाकतील. आणि पुण्याच्या मुलाखतीत 'व्हॉट डू यू चार्ज' असं विचारलं, तर तो पगाराचा प्रश्न समजू नका. तिथे बहुतेक टेस्टचे दर विचारताहेत. शहाद्याचे आणि पुण्याचे दर सारखे नसतात, तेव्हा जाण्याआधी सीबीसी आणि थायरॉइडचे तिथले भाव बघून ठेवा.