अमेरिकेत कॉलेज बेसबॉलचा मुख्य प्रशिक्षक संपूर्ण कारकीर्द एकाच विद्यापीठात घालवू शकतो का?

होय, आणि रॉड डेडो यांचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. मुख्य प्रशिक्षक सॅम बॅरी दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेल्यावर १९४२ मध्ये डेडो यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ हाती घेतला, पुढे बॅरींसोबत ही जबाबदारी वाटून घेत १९४८ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि १९८६ मध्ये निवृत्त होईपर्यंत राष्ट्रीय विजेतेपदांची संख्या ११ वर नेली. त्यांपैकी पाच विजेतेपदे १९७० ते १९७४ अशी सलग होती. स्वतःचा मालवाहतुकीचा व्यवसाय असल्याने ते नाममात्र मानधनावर काम करत. अशी आर्थिक मोकळीक फार थोड्या प्रशिक्षकांना लाभते, हे मात्र ध्यानात घ्यावे. पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये नावाजलेले पिचर (चेंडू फेकणारे खेळाडू) टॉम सीव्हर आणि रँडी जॉन्सन हे दोघेही त्यांच्याच हाताखाली घडले.