भंडारा उचलून आळ उतरत नाही

प्रश्न जवळजवळ नेहमी त्याच शब्दांत येतो. “ताई, मी त्यांच्याच घरात राहते, त्यांच्याच घरात जेवते, बाळ माझ्याच कुशीत झोपतं. उद्या घरातली एखादी वस्तू हरवली आणि माझं नाव घेतलं, तर मी काय करायचं? निघून गेले तर म्हणतील, चोरी करून पळाली. थांबले तर त्या नजरा सोसायच्या.” बेळगावात महिलांच्या समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मी टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर या भागांत बाळ सांभाळायला राहणाऱ्या कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांतल्या बऱ्याच जणी खानापूर तालुक्यातून किंवा निपाणी-चिकोडीच्या बाजूने आलेल्या असतात आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा गावी जाऊन येतात. ज्या घरात त्या चोवीस तास असतात, त्या घरात स्वतःचे कुलूप लावता येईल अशी त्यांची एकच जागा असते, ती म्हणजे पत्र्याची ट्रंक.

या प्रश्नाचे उत्तर मी एका बाईच्या अनुभवावरून देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला मी आक्का म्हणेन, कारण त्या घरातही सगळे तिला आक्काच म्हणत आणि बाळाच्या तोंडून निघालेल्या पहिल्या काही शब्दांत तो एक होता.

आक्का जांबोटीच्या बाजूच्या एका खेड्यातली, पंचेचाळिशी ओलांडलेली विधवा. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी सावकाश वाचता येते, कन्नड बोललेले समजते, पण वाचता येत नाही. बाळ सव्वा महिन्याचे असताना ती त्या घरात राहायला आली आणि आळ आला तेव्हा ते अडीच वर्षांचे झाले होते. आईवडील दोघेही नोकरीला, घरात आजी. बारशाला आजोळहून आलेली बाळाची सोन्याची बिंदली एका मंगळवारी संध्याकाळी सापडेना. आदल्या शनिवारी घरी पूजा होती, पन्नासेक माणसे येऊन गेली होती आणि त्या दिवशी बिंदली बाळाच्या हातात होती, एवढे सर्वांना मान्य होते. मंगळवारी रात्री जेवणे झाल्यावर विचारणा सुरू झाली. साडेदहाच्या सुमारास आक्काला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली गेली आणि “आता पोलीस येऊन नेतील” असे सांगण्यात आले. बाळ पलीकडच्या खोलीत तिच्या नावाने रडत होते, ते तिला ऐकू येत होते.

सकाळी ट्रंक उघडली गेली. तिच्यातली एकेक वस्तू फरशीवर मांडली: तीन साड्या, आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, रेशन कार्डाची झेरॉक्स, अमृतांजनची बाटली, आणि रुमालात गुंडाळलेले बाळाचे लोकरीचे पायमोजे, पहिल्या हिवाळ्यातले, आता अंगठाही मावणार नाही असे. “हे कशाला ठेवलंस?” असे आजींनी विचारले. आक्काला उत्तर देता आले नाही आणि तिचे ते गप्प राहणे तिच्याविरुद्धचा पुरावा मानले गेले. मग देवघरातून सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा आणला गेला. आक्काने तो दोन्ही हातांनी उचलला, शपथ घेतली आणि तिला वाटले की आता संपले. दुपारी तिच्यापुढे कन्नडमध्ये टाईप केलेला कागद आला. “काम सोडत असल्याचा कागद आहे, सही कर,” असे सांगण्यात आले. आक्का म्हणाली, “मला हे वाचता येत नाही. भावाच्या पोराला दाखवते, मग करते.” त्या दोन दिवसांत तिने उच्चारलेले सर्वांत शहाणपणाचे वाक्य हेच होते, असे मी तिला पुढे अनेकदा सांगितले. त्या कागदात सहा महिन्यांत बिंदलीची किंमत भरून देण्याची कबुली लिहिलेली होती. सही न केल्याबद्दल तिला दोन महिन्यांच्या पगाराविना आणि ट्रंकेविना बाहेर काढले गेले. ती खानापूरच्या बसमध्ये बसली, पण गावी पोचण्याआधीच फोनवरून बातमी पोचली होती, म्हणून ती उतरून पुतणीकडे गेली आणि पुतणी तिला घेऊन माझ्याकडे आली.

पहिल्या भेटीत मी कायद्याकडे घाईने वळले, आणि ते चुकले. मी तारखा विचारत होते आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, “चार वाजले, ताई. त्याला आता कोण भरवायलंय? वरण-भात अगदी मऊ कालवल्याशिवाय ते गिळत नाही.” तेव्हा माझ्या ध्यानात आले की या बाईवर एकाच दिवशी दोन आघात झाले आहेत आणि त्यांपैकी एकालाच जग आघात म्हणते. चोरीचा आळ सर्वांना दिसतो. अडीच वर्षे छातीशी धरलेले मूल एका दुपारी, निरोपाविना हातातून काढून घेतले गेले, त्याला काही नावच नाही. आईचे मूल दुरावले तर लोक धीर द्यायला येतात. सांभाळणारीचे दुरावले तर “पगारी काम होते” म्हणून विषय संपतो. आक्का रात्री दोन वाजता, बाळाच्या दुधाच्या जुन्या वेळेला, जागी होत असे आणि हात चाचपडत असे. हे वेड नव्हे, हे दुःख आहे, एवढे तिला सांगण्यात आमची पूर्ण पहिली भेट गेली, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही. पायमोज्यांविषयी तिने त्याच दिवशी सांगितले: पोर मोठे होऊन आपल्याला विसरणार हे तिला ठाऊक होते, म्हणून आपल्याकडे काहीतरी राहावे, एवढेच.

दुसऱ्या भेटीत ती पुन्हा भंडाऱ्यावर आली. “देवीची शपथ घेतली तरी त्यांना पटलं नाही. सौंदत्तीला जाऊन सगळ्यांसमोर उचलू का?” इथे मी माझे मत स्पष्ट सांगितले आणि तेच या लेखातले माझे मुख्य सांगणे आहे. मी निर्दोष आहे हे सिद्ध करण्याचे ओझे आळ आलेल्या बाईने आपल्या डोक्यावर घेऊ नये. ती आधी पिशवी उघडून दाखवते, मग ट्रंक, मग पदर झटकते, मग शपथ घेते, आणि दर पायरीला समोरच्याचा संशय कमी होण्याऐवजी पुढची पायरी मागतो, कारण नसलेली गोष्ट दाखवून संपवता येत नाही. देवीवरच्या श्रद्धेविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण दुसऱ्याच्या हुकमावरून उचललेला भंडारा ही श्रद्धा राहत नाही, ती झडती होते. आक्काला मी म्हणाले, सौंदत्तीला जरूर जा, पण ओटी भरायला जा.

सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्यानेही आरोप करणाऱ्याच्या बाजूवरच टाकलेली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरण्याचा गुन्हा कलम 306 मध्ये आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून हा आळ हलका मुळीच नाही. पण तक्रार झाली म्हणजे अटक झालीच, असेही नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज का आहे याची कारणे पोलिसांना नोंदवावी लागतात, आणि ती गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस देऊन चौकशी करायची असते. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा झाला तर महिला अधिकारी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. म्हणजे रात्री साडेदहाला आक्काला घातलेली धमकी पोकळ होती, आणि बाहेरून लावलेली कडी हा मात्र खरोखरीचा गुन्हा होता, कारण कुणाला अन्यायाने कोंडून ठेवणे याच संहितेच्या कलम 127 खाली शिक्षापात्र आहे. स्त्रीची अंगझडती पोलिसांतही फक्त स्त्रीच घेऊ शकते, तीही मर्यादा राखून; मालकाला तर तो अधिकार कुणी दिलेलाच नाही.

सीमाभागातल्या बायकांना मी एक गोष्ट दोनदा सांगते. इथे पोलीस ठाण्याचे कागद कन्नडमध्ये असतात आणि न वाचता येणारा कागद समोर आला की आपली माणसे घाबरून सही करून मोकळी होतात. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते, असे कायदाच सांगतो. नोटीस, जप्तीचा पंचनामा अशा काही कागदांवर सही लागते, पण तिथेही मजकूर मराठीत समजावून सांगा असे म्हणण्याचा संकोच करू नये. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मालकाच्या घरात सही केलेल्या कबुलीचे तसे नाही. ती पुढे बाहेर काढली जाऊ शकते, म्हणून घरातल्या कागदाला ठाण्यातल्या कागदाइतकेच भ्यावे.

त्या कुटुंबाने पुढे ठाण्यात अर्ज दिलाच. आक्काला बोलावणे आले तेव्हा ती एकटी गेली नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करायचा. आक्काबरोबर वकीलबाई होत्या आणि तिच्या हातात वहीची चार पाने होती. ती पाने हा आमच्या भेटींतला सर्वांत उपयोगी भाग ठरला. शनिवारच्या पूजेपासून बुधवारी दुपारपर्यंत काय काय घडले ते मी तिला तिच्याच भाषेत, वार आणि वेळ घालून, रोज थोडे थोडे लिहायला सांगितले होते. वकिलांना त्यातून क्रम मिळाला, आणि आक्काला रात्री डोक्यात फिरणाऱ्या गोष्टी ठेवायला जागा मिळाली.

ते लिहिताना एक क्षण असा आला की तो मी वगळू शकत नाही. “सोमवारी फरशी पुसायला येणारी पोरगी बाळाच्या खोलीत बराच वेळ...” एवढे वाचून आक्का थांबली. मीही थांबले. ती पोर सोळा-सतरा वर्षांची, आक्काहून गरीब. आपल्यावरचा आळ उतरवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो आपल्याहून खालच्या पायरीवरच्या माणसावर ढकलणे, आणि आक्काच्या बाबतीत त्या घराने तेच तर केले होते. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहा, ज्याचा अंदाज आहे ते लिहू नका, एवढेच मी म्हणाले. आक्काने ती ओळ खोडली. “तिला कोण वकील देणार होतं?” असे ती नंतर म्हणाली.

बाळाची आई मला भेटायला आली ती तिसऱ्या आठवड्यात, एकटीच. तिच्याविषयी मनात राग धरून मी बसले होते आणि तो तिने बोलायला सुरुवात केल्यावर टिकला नाही. बिंदली तिच्या माहेरची होती. “तुझ्या हलगर्जीपणाने गेली” हे वाक्य घरात तिला रोज ऐकावे लागत होते आणि आक्का दोषी ठरल्याशिवाय ते थांबणार नव्हते. मी तिला एवढेच विचारले, की आक्काने घेतली असे तुम्ही पाहिले आहे का, की ती कुठेतरी गेली आहे आणि आक्का जवळ होती, एवढेच तुम्हाला माहीत आहे? बराच वेळ ती काही बोलली नाही. मालकांना तक्रार करण्याचा हक्क आहे आणि तो मी नाकारत नाही. वस्तू हरवली तर “अमुक तारखेपासून सापडत नाही” अशी तक्रार द्यावी, नाव घालायचेच तर काय पाहिले ते सांगावे, आणि केलेल्या कामाचा पगार त्याच्याशी बांधू नये.

बिंदली आजतागायत सापडलेली नाही. ती कुणी घेतली, की पूजेच्या गर्दीत निर्माल्याबरोबर गेली, हे मला माहीत नाही आणि समुपदेशकाला ते माहीत असण्याची गरजही नसते. आक्कावर गुन्हा नोंदवला गेला नाही. दोन महिन्यांचा पगार आणि ट्रंक परत मिळाली, आणि “आमचा तुमच्यावर कोणताही आरोप नाही” अशी चिठ्ठी मिळाली, मराठीत आणि कन्नडमध्ये. ती तिने गावी नेऊन भावाला आणि शेजाऱ्यांना वाचून दाखवली. आजींनी माफी मागितली नाही. बाळाला भेटण्याची आक्काची इच्छा होती. आईने होकार दिला, घराने दिला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. निघून जायचे की थांबायचे, हे आळ आल्या रात्री ठरवू नका. कोंडले, मारले, धमकावले तर 112 किंवा महिलांसाठीच्या 181 क्रमांकावर फोन करा आणि त्याच क्षणी बाहेर पडा. एरवी निघायचे ते दिवसाउजेडी, घरातल्या माणसांना सांगून, आपला पत्ता आणि फोन नंबर देऊन, शक्यतो आपले एखादे माणूस बोलावून घेऊन. असे सांगून निघालेल्या बाईला पळाली म्हणता येत नाही. नव्या घरी कामाला लागताना पहिल्याच दिवशी बोलून घ्या की बाळाच्या अंगावरचे सोने रोज काढून ठेवणे आईच्या हातात राहील आणि कपाटाच्या किल्ल्या तुमच्याकडे दिल्या जाणार नाहीत. हे बोलताना आपण संशय मान्य करतो आहोत असे वाटते, पण तसे नाही. चांगल्या मालकिणीला ते ऐकून हायसे वाटते.

आक्का आता शहापुरात एका जुळ्यांच्या घरी आहे. तिने वरच्या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घेतल्या. महिन्यातून एकदा गावी जाताना ती अजूनही आपली पिशवी उंबऱ्याजवळ उघडी करून ठेवते आणि बाजूला उभी राहते. घरातल्या वहिनी दर वेळी पिशवीचे तोंड बांधून तिच्या हातात देतात. या सवयीवर आम्ही अजून काम करत आहोत.