फर्स्ट इयरला हाडं आणि मॉडेल्स कशी वापरायची

अरे टेन्शन नको घेऊस, एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला एवढी हाडं आणि मॉडेल्स बघून सगळ्यांचाच गोंधळ उडतो. ॲनाटॉमी (शरीररचना) म्युझियममधली सगळी मॉडेल्स बघायच्या मागे लागू नकोस, आत्ता एवढंच धर.

१. हाड हातात आलं की आधी साईड, म्हणजे डावं का उजवं, बाकी सगळं नंतर. फीमर, म्हणजे मांडीचं हाड घे, गोल हेड वर आणि आतल्या बाजूला, लिनिया ॲस्पेरा, म्हणजे ती उभी खडबडीत कड, मागे, आता ते स्वतःच्या मांडीला लावून बघ, डावं का उजवं लगेच कळतं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हाडच उलटं धरलंस तर पुढचं कितीही पाठ असू दे, काही उपयोग नाही.

२. रंगांवर जाऊ नकोस. मॉडेलमध्ये लाल-निळं झकास दिसतं पण फॉर्मलिनमध्ये टिकवलेल्या डेड बॉडीत सगळंच करडं-तपकिरी, तिथे आर्टरी (धमनी) जाड भिंतीवरून ओळखायची, बोटाला लागते ती. आणि लाल म्हणजे आर्टरी हे पण सरसकट नाही हां, हार्टच्या मॉडेलमध्ये फुफ्फुसांकडे जाणारी पल्मनरी आर्टरी निळी असते कारण तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त.

३. डावं-उजवं पेशंटचं, तुझं नाही. हार्टचं मॉडेल स्टँडवर बरेचदा सरळ उभं असतं, छातीत मात्र ते तिरकं, समोरून बराचसा राईट व्हेंट्रिकलच (उजवा खालचा कप्पा) दिसतो. मॉडेल छातीशी धरून तसं फिरवून बघ एकदा.

पार्ट सुटे करून परत जोडायचे, नुसतं बघून काही होत नाही. डिसेक्शनच्या (बॉडी कापून शिकायच्या) आदल्या दिवशी मॉडेल बघून जा. ब्रेनच्या मॉडेलला इतक्यात हात लावू नकोस, त्याची वेळ येईलच. आणि हाडांवर खुणा खडूने कर, पेनाने नको, पुढच्या बॅचला पण तीच हाडं लागणारेत.