गावातली जुनी बारव दुरुस्त करायला ग्रामपंचायतीला निधी कुठून मिळतो?

निधी मिळतो हो, मिळतो हाच तर त्रास आहे.

आमच्या गावात (मराठवाड्यात, नाव नको) मारुतीच्या देवळामागं बारव (पायऱ्यांची जुनी दगडी विहीर) आहे. लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून घरी होतो, तेव्हा आम्ही पाच-सहा जणांनी दोन उन्हाळे तिचा गाळ उपसला, टोपल्यांनी. चपला, बांगड्या, गणपतीचे पाट, काय काय निघालं. एका सकाळी तळाशी दगडांच्या सांध्यातून करंगळीएवढी धार लागली, मी तिथंच पायरीवर बसून राहिलो.

मग पंचायत जागी झाली. सदस्य कोण, तर माझाच थोरला चुलत भाऊ. ग्रामसभेत म्हटलं, दादा ही कोरडी बांधणी आहे, चुनासुद्धा नाही, पाणी सांध्यातूनच पाझरतं, सिमेंट भरू नकोस. तर म्हणे 'पुण्यात राहून इथं अक्कल शिकवू नको.' झालं, सांधे बुजवले, वर पेव्हर ब्लॉक, देवकोष्ठांना (भिंतीतल्या देवांच्या कोनाड्यांना) पिवळा ऑइलपेंट. पुढच्या उन्हाळ्यात बारव ठणठणीत कोरडी. दादा अजून म्हणतो पाऊसच कमी झाला, अरे मग शेजारच्या विहिरीला पाणी कसं होतं?

हां, तुमचा प्रश्न. 15व्या वित्त आयोगात (2021 ते 26) 60 टक्के पैसा बंधित (ठरवून दिलेल्या कामांनाच) होता, त्यातला निम्मा पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवणं यासाठी, निम्मा स्वच्छतेला. बारव जलस्रोत म्हणून त्या पाण्याच्या हिश्श्यात मांडायची. उरलेला 40 टक्के अबंधित होता, त्यातून पगार सोडून गावाच्या गरजेची कामं. पण काम जीपीडीपीत (ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात) लागतं, म्हणून ग्रामसभेला जा, नंतर फेसबुकवर रडून काही होत नाही (मी रडलोय). गाळ काढा, निखळलेले दगड परत बसवा, बास. सुशोभीकरण हा शब्द दिसला की खोडायला लावा. पिंपळ उगवला असेल तर ओढू नका, मुळांबरोबर भिंत येते.

आणि हो, बारव राज्य संरक्षित स्मारक असेल तर वरचं सगळं विसरा, पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

एस्टिमेटची कॉपी काम सुरू व्हायच्या आधी मागा. मला ती नंतर माहिती अधिकारात मिळाली. त्यात पहिलंच काम होतं, 'गाळ काढणे'. दादा, वाचत असशील तर आमच्या टोपल्या तरी परत दे.